मोटारीतील बिघाड आणि दुरुस्तीचे वाद : कोल्हापूर परिसरातील वाहनधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे घरगुती वापराच्या चारचाकी गाड्यांचा विचार केला आहे. यांत्रिक प्रश्न आधी आणि पैशांचे व कायद्याचे प्रश्न नंतर घेतले आहेत. वाद बिलाच्या दिवशी उघड होत असला, तरी त्याचे मूळ बहुतेक वेळा गाडी गॅरेजात सोडताना न लिहिलेल्या तक्रारीत किंवा न केलेल्या तपासणीत असते.

कोकणातून परत येताना आंबा घाट किंवा करूळचा घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो. शहरात मात्र काही त्रास नसतो. गॅरेजवाल्याने रेडिएटर बदलायला सांगितले आहे. बदलावा का?

लगेच बदलू नये. गाडी कोणत्या परिस्थितीत गरम होते, हाच निदानाचा पहिला धागा असतो. सिग्नलला किंवा गर्दीत थांबल्यावर गरम होणारी आणि हायवेला लागताच थंड होणारी गाडी असेल, तर संशय रेडिएटरच्या पंख्यावर, त्याच्या रिलेवर (पंखा चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचवर) किंवा तापमानाच्या सेन्सरवर जातो. कारण गाडी वेगात असताना वारा समोरून आपोआप मिळतो आणि पंख्याची गरज फारशी उरत नाही. याउलट सपाटीवर ठीक चालणारी गाडी फक्त चढावर गरम होत असेल, तर आतून चोंदलेला रेडिएटर, नीट न उघडणारा थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी झडप), झिजलेला वॉटर पंप किंवा कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) कमी पातळी, यांपैकी काहीतरी असते. म्हणजे गॅरेजवाल्याचे म्हणणे चुकीचे असेलच असे नाही, पण चार शक्यतांपैकी त्याने सर्वांत खर्चिक शक्यता आधी निवडली आहे. थर्मोस्टॅट साधारणपणे ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो आणि तो गरम पाण्यात टाकून डोळ्यांदेखत तपासता येतो. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग दाब धरते की नाही, हेही काही मिनिटांत कळते. या दोन वस्तूंची किंमत रेडिएटरच्या मानाने किरकोळ असते.

आपल्याकडे आणखी एक कारण वारंवार आढळते. कूलंट कमी झाला की बोअरचे पाणी ओतायचे आणि पुन्हा कमी झाला की पुन्हा ओतायचे, असे वर्षानुवर्षे चालते. त्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, आणि कूलंट पातळ झाल्याने गंजही धरतो. कूलंट उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात आणि क्षारविरहित पाण्यातच मिसळावा.

वाटेत काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा आणि सुरक्षित जागा पाहून थांबावे. वाफ निघत असेल तर इंजिन तत्काळ बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच ते उसळून चेहऱ्यावर येते.

गाडी एकदा गरम झाली आणि आता गॅरेजवाले म्हणतात की इंजिनच बांधावे (पूर्ण उघडून नव्याने जुळवावे) लागेल. हे खरे आहे की नाही, कसे ओळखायचे?

मोजमाप मागावे. या प्रश्नाचे दुसरे उत्तर नाही.

गरम झाल्यावर सर्वप्रथम सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि ब्लॉक (खालचा मुख्य भाग) यांच्यामधील गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी पट्टी, जाते. याची लक्षणे अशी : गळती कोठेही दिसत नसताना कूलंट कमी होतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर सतत येत राहतो, तेलाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधट थर जमतो आणि इंजिन सुरू असताना कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात. यांतील एकच लक्षण पाहून निष्कर्ष काढू नये. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली नुसत्या दमटपणानेही दुधट थर दिसतो. खात्रीसाठी कूलिंग यंत्रणेची दाब चाचणी करतात, किंवा कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू मिसळला आहे का ते पाहतात. या दुसऱ्या चाचणीत निळे द्रावण वापरतात आणि वायू असेल तर ते पिवळे पडते.

गॅस्केट गेले म्हणजे इंजिन गेले असे नव्हे. हेड उतरवल्यावर त्याच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचे माप) सरकवतात. किती जाडीची पाती आत जाते, तेवढे हेड वाकले आहे असे समजतात. ही मर्यादा सेवापुस्तिकेत दिलेली असते आणि बहुतेक गाड्यांत ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. मर्यादेबाहेर थोडे वाकलेले हेड फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग यंत्रावर घासून, सरळ करता येते. कोल्हापूरकरांची यात सोय आहे, कारण शिवाजी उद्यमनगरात हेड फेसिंग, रिबोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग करणाऱ्या मशीन शॉपची जुनी परंपरा आहे, आणि तेथे काम पाठवल्यास त्यांचे मोजमाप आपल्याला गॅरेजपासून स्वतंत्रपणे मिळते. इंजिन पूर्ण बांधण्याचा निर्णय बोअरची (सिलिंडरच्या आतल्या पोकळीची) झीज, बोअर गोल राहिला आहे की नाही आणि कॉम्प्रेशनचे (सिलिंडरमधील दाबाचे) आकडे यांवरून घ्यायचा असतो. हे आकडे कागदावर लिहून देण्यास जो मिस्त्री तयार नसेल, त्याच्याकडून इंजिन उघडून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजने स्कॅनर लावून एक सेन्सर बदलला, पैसे घेतले आणि आठवड्याभरात दिवा पुन्हा लागला. ही फसवणूक आहे का?

फसवणूक असेलच असे नाही. बहुधा अर्धवट निदान असते. स्कॅनरवर येणारा कोड बिघाड कोणत्या यंत्रणेत आहे ते सांगतो, कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही. उदाहरणार्थ, पी०१७१ हा कोड मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी असल्याचे दाखवतो. त्यामागे फाटलेला व्हॅक्यूम पाइप, मळलेला हवेचा सेन्सर, कमी दाब देणारा इंधन पंप किंवा सैल क्लिप, यांपैकी काहीही असू शकते. कोड वाचून थेट ऑक्सिजन सेन्सर बदलणे म्हणजे ताप आहे म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखे आहे.

पुढच्या वेळी कोड पुसण्याआधी त्याचा फोटो घ्यावा आणि त्यासोबत नोंदलेली स्थिती, म्हणजे इंजिनाचे तापमान, वेग आणि आरपीएम, हीही मागून घ्यावी. दिवा स्थिर पिवळा असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होत असते, म्हणजे इंधन नीट पेटत नसते, आणि तसेच चालवल्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) खराब होतो. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागल्यास मात्र गाडी तेथेच बंद करावी आणि टोचन करून न्यावी.

नवी गाडी आहे, वॉरंटी शिल्लक आहे, तरी क्लच जळाला तेव्हा कंपनीच्या वर्कशॉपने 'चालवण्याची चूक' म्हणून वॉरंटी नाकारली. काय करावे?

क्लच प्लेट ही झिजणारी वस्तू असल्याने बहुतेक वॉरंट्यांतून ती वगळलेली असते, आणि हाफ क्लचवर गाडी चढावर धरून ठेवण्याची सवय असेल तर वर्कशॉपचे म्हणणे बरोबरही असू शकते. तरीही ते तोंडी मान्य करू नये. काढलेली क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग आपल्यासमोर दाखवायला सांगावा आणि उजेडात फोटो घ्यावेत. प्लेट रिव्हेटपर्यंत सारखी झिजलेली असून फ्लायव्हीलवर निळसर डाग आणि बारीक भेगा असतील, तर ती उष्णतेची खूण आहे आणि चालवण्याच्या पद्धतीकडे बोट जाते. पण प्लेट तेलाने भिजलेली असेल, तर मागचा क्रँक सील किंवा गिअरबॉक्सचा सील गळत असतो आणि त्याचा दोष चालकाच्या पायाला देता येत नाही. प्लेट एका बाजूला जास्त झिजलेली असेल किंवा प्रेशर प्लेटची बोटे असमान उंचीवर असतील, तर सुट्या भागाचा किंवा जोडणीचा दोष तपासावा लागतो. यांपैकी काही आढळल्यास वॉरंटी नाकारण्याचे कारण लेखी मागावे आणि ते पत्र उत्पादकाच्या ग्राहक कक्षाकडे फोटोंसह पाठवावे. काढलेले भाग वर्कशॉपने भंगारात टाकण्याआधी ताब्यात घ्यावेत.

घाट उतरताना ब्रेक मऊ झाले आणि पॅडल खाली गेले. सपाटीवर आल्यावर पुन्हा ठीक झाले. दुरुस्तीची गरज आहे का?

आहे, आणि ती पुढच्या प्रवासाआधीच करून घ्यावी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ दर्जाच्या कोरड्या तेलाचा किमान उत्कलनबिंदू २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या त्याच तेलाचा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. करूळ किंवा फोंडा घाटात सतत ब्रेक दाबत उतरल्यास कॅलिपरमधील (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागातील) तेल उकळते, त्यात वाफ होते आणि वाफ दाबली जात असल्याने पॅडल मऊ लागते. थंड झाल्यावर वाफ विरते आणि सर्व पूर्ववत वाटते. पॅड चांगले आहेत म्हणून गॅरेजने गाडी परत दिली असेल, तर तेल केव्हा बदलले होते ते विचारावे. बहुतेक उत्पादक दोन वर्षांनी ते बदलण्यास सांगतात, पण सर्व्हिसच्या यादीतून हे काम सर्रास गळते. उतारावर ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा एसटी चालकांचा जुना नियम मोटारीलाही तितकाच लागू आहे.

डिझेल गाडीत डीपीएफचा दिवा वारंवार लागतो. हा दोष आहे का?

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ या प्रदूषण निकषांनंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा हा फिल्टर असतो. घर ते दुकान आणि दुकान ते घर एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो जळून साफ होण्याइतका गरम होत नाही. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे गाडी हायवेवर सलग एकसारख्या वेगाने चालवल्यास दिवा सहसा जातो. तरीही न गेल्यास, किंवा डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसल्यास वर्कशॉप गाठावे. वाढलेली पातळी म्हणजे तेलात डिझेल मिसळले आहे.

पुराच्या पाण्यात गाडी उभी होती. पाणी ओसरल्यावर सुरू करून पाहावी का?

किल्ली फिरवू नये आणि बटणही दाबू नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर आणि नदीकाठच्या वस्त्यांतील अनेक गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. पाण्यात उभी राहिलेली गाडी दुरुस्त होते. पाणी आत असताना सुरू केलेली गाडी मात्र अनेकदा इंजिन घेऊन बसते. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला, तर ताण कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो, प्रसंगी ब्लॉक फोडून बाहेर येतो.

पाणी ओसरल्यावर आधी पातळीची खूण दिसेल असे चारही बाजूंनी फोटो काढावेत, शक्य असल्यास बॅटरीची ऋण तार काढावी आणि विमा कंपनीला कळवून गाडी टोचन करून हलवावी. गॅरेजात एअर फिल्टर ओला आहे का ते पाहून, स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवतात, सर्व तेले काढून टाकतात आणि मगच सुरू करण्याचा विचार करतात. नुकसान तपासणारा विम्याचा सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत इंजिन उघडू देऊ नये.

विम्याचे गणित येथे समजून घ्यावे. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराने झालेले थेट नुकसान येते. केवळ थर्ड पार्टी पॉलिसीत ते येत नाही. मात्र पाणी शिरल्यावर इंजिन सुरू केल्याने झालेले नुकसान विमा कंपन्या अप्रत्यक्ष हानी म्हणून नाकारतात, आणि त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच घ्यावे लागते. पाण्यातून गाडी चालवत असताना बंद पडली आणि पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला, हे आपल्याच जबाबात लिहिले गेल्याने दावे अडकतात. खोटे सांगावे असा याचा अर्थ नाही. किल्लीला हात लावू नये एवढाच आहे.

विम्यातून दुरुस्ती झाली तरी मोठी रक्कम स्वतः भरावी लागली. गॅरेजने जास्त आकारले का?

बहुधा ती घसाऱ्याची रक्कम असते. झीरो डेप्रिसिएशनचे (घसारा न कापण्याचे) कवच नसेल तर रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के आणि फायबर ग्लासच्या भागांतून ३० टक्के कापले जातात. काचेला कपात नसते. धातूच्या भागांची कपात गाडीच्या वयानुसार वाढते आणि दहा वर्षांपुढे ती ५० टक्के होते. त्याशिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यापुढील गाडीला २,००० रुपये प्रत्येक दाव्यात स्वतः सोसावे लागतात. आजच्या गाडीचा बंपर प्लॅस्टिकचा असल्याने हा फरक डोळ्यांत भरतो. सर्वेक्षकाचा अहवाल मागून घ्यावा आणि त्यातील प्रत्येक ओळ गॅरेजच्या बिलाशी ताडून पाहावी. वाद विमा कंपनीशी असेल आणि तिच्या लेखी उत्तराने समाधान झाले नसेल, तर एका वर्षाच्या आत पुण्यातील विमा लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

जुनी गाडी घेताना ती पुरात बुडाली होती का, हे कसे ओळखावे?

सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. धुलाई करणारे गालिचे बदलतात, सीट पुसतात आणि अत्तर मारतात, पण गुंडाळीत राहिलेल्या पट्ट्यावरची गाळाची आडवी रेघ बहुधा तशीच राहते. त्यानंतर स्टेपनीच्या खड्ड्यातील कोपरे, सीटखालचे बोल्ट आणि डॅशबोर्डखालच्या तारांचे जोड टॉर्चने पाहावेत. विमा कंपनीकडून दाव्यांचा इतिहास मागून घ्यायला विक्रेता नकार देत असेल, तर सौदा तेथेच थांबवावा.

एस्टिमेट आठ हजारांचे होते, बिल एकवीस हजारांचे आले. मी पूर्ण रक्कम देणे लागतो का?

एस्टिमेट हा अंदाज असतो आणि गाडी उघडल्यावर काही अधिक निघू शकते, हे मान्य करावे लागेल. पण वाढीव कामाला आपली संमती घेतली होती का, हा खरा प्रश्न आहे. संमती नसताना केलेल्या कामाचे पैसे मागणे हा सेवेतील त्रुटीचा आणि अनुचित व्यापारी प्रथेचा मुद्दा होऊ शकतो. म्हणून जॉब कार्डवर (तक्रार आणि काम नोंदवण्याच्या गॅरेजच्या कागदावर) सही करताना 'एस्टिमेटपेक्षा अधिक खर्च असल्यास फोनवर मेसेजने दिलेल्या लेखी संमतीशिवाय काम करू नये' अशी ओळ स्वतःच्या हाताने लिहावी. तक्रारही आपल्या शब्दांत लिहून द्यावी. 'जनरल चेकअप' या दोन शब्दांनी वर्कशॉपला मोकळे रान मिळते. गॅरेजवाला ओळखीचा आहे म्हणून जॉब कार्डच न घेण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे, आणि भांडणेही बहुतेक ओळखीच्याच माणसाशी होतात.

बिल मागणे हा हक्क आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या वस्तूचे किंवा दिलेल्या सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. छोट्या गॅरेजची जीएसटी नोंदणी नसेल तर त्याने जीएसटी आकारू नये, पण साधी पावती त्याला द्यावीच लागते.

बिलाचा वाद आहे म्हणून गॅरेजने गाडी अडवून ठेवली आहे. त्यांना तसा अधिकार आहे का?

मर्यादित अधिकार आहे, आणि त्याची मर्यादा वाहनधारकांना सहसा माहीत नसते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार ज्याने वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केले आहे, त्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवता येते. परंतु हा हक्क त्याच गाडीवर केलेल्या त्याच कामापुरता आहे. मागच्या वर्षीची बाकी, भावाच्या गाडीचे बिल किंवा अन्य उधारी वसूल करण्यासाठी आजची गाडी अडवता येत नाही. तसा व्यापक हक्क कलम १७१ ने बँका, उच्च न्यायालयातील वकील अशा मोजक्या वर्गांना दिला असून त्यांत गॅरेज नाही. वेगळा करार असेल तरच ते शक्य होते. गॅरेजने काम झाल्यावर गाडी देण्याचे आणि पैसे पुढे उधारीवर घेण्याचे आधीच कबूल केले असेल, तरीही अडवण्याचा हक्क उरत नाही. आणि एकदा गाडी ताब्यातून गेली की हा हक्क संपतो.

व्यवहारात वाद वाढवत गाडी महिनाभर उन्हात उभी ठेवण्यापेक्षा हरकत राखून पैसे भरणे शहाणपणाचे ठरते. बिलावर 'अमुक बाबींवर हरकत राखून रक्कम अदा केली' असे लिहून सही करावी, त्याचा फोटो घ्यावा आणि रक्कम रोखीने न देता बँकेमार्फत किंवा यूपीआयने द्यावी. गाडी घेण्याआधी मिस्त्रीला सोबत बसवून एक फेरी मारावी.

बदललेले भाग मूळ कंपनीचे आहेत की डुप्लिकेट, हे कसे कळावे?

जुना भाग परत आणि नव्या भागाचे खोके सोबत, ही अट गाडी देतानाच घालावी. खोक्यावर भाग क्रमांक आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असते; त्या किमतीपेक्षा जास्त आकारता येत नाही. बिलावर नुसते 'बेअरिंग' न लिहिता भाग क्रमांक लिहून घ्यावा. बाजारातील प्रत्येक बिगर कंपनी भाग वाईट असतो असे नाही. अनेक सुटे भाग तयार करणारे कारखाने मोटार कंपन्यांनाही माल पुरवतात. आक्षेप आहे तो लोकल भाग बसवून मूळ भागाचे पैसे घेण्याला.

बाहेरच्या मिस्त्रीकडे तेल बदलले म्हणून कंपनीने संपूर्ण वॉरंटी रद्द केली. हे योग्य आहे का?

आमच्या मते नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार उत्पादकांविरुद्ध दिलेल्या आदेशात, ग्राहक स्वतंत्र गॅरेजकडे गेला एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द होण्याची अट लादू नये, अशी भूमिका घेतली होती. हा आदेश पुढे अपिलांत गेला, त्यामुळे तो दाखवून वर्कशॉपच्या काउंटरवर भांडण जिंकता येईल असे समजू नये. पण त्यामागचा तर्क पत्रव्यवहारात ठामपणे मांडावा : बाहेर केलेल्या कामाचा आणि आत्ताच्या बिघाडाचा संबंध काय, हे कंपनीने दाखवावे. चुकीच्या दर्जाच्या तेलाने टर्बो गेला असेल तर संबंध आहे. खिडकीची मोटर गेली असेल तर नाही. बाहेर सर्व्हिस करताना तेलाचा दर्जा आणि किलोमीटर लिहिलेली पावती जपून ठेवावी.

गाडी गॅरेजात असताना तिला धडक बसली. मालक 'आमची जबाबदारी नाही' या पाटीकडे बोट दाखवतात.

दुरुस्तीसाठी सोपवलेल्या वस्तूची सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घेण्याचे बंधन करार कायद्याच्या कलम १५१ ने घातले आहे. एका हॉटेलच्या व्हॅले पार्किंगमधून चोरीला गेलेल्या गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये, 'मालकाच्या जोखमीवर' असे छापल्याने स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही, असे म्हटले. गाडी सोडताना चारही बाजूंचे, ओडोमीटरचे आणि इंधनाच्या काट्याचे फोटो काढलेले असतील, तर पाटीचा फारसा उपयोग उरत नाही.

तीनदा दुरुस्ती होऊनही तोच बिघाड येतो. ग्राहक आयोगात जाता येईल का, आणि वकील लागतो का?

जाता येते आणि वकील सक्तीचा नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मोठ्या कंपन्यांची प्रकरणे कधी कधी तेथेच मिटतात. त्यानंतर लेखी नोटीस पाठवून पंधरा दिवसांची मुदत द्यावी. ती कायद्याने बंधनकारक नसली, तरी पुढे उपयोगी पडते.

मोबदल्यापोटी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये आणि दहा ते वीस लाखांपर्यंत ४०० रुपये आहे. गाडी पुण्यात घेतलेली असली तरी तक्रारदार कोल्हापुरात राहत असल्यास कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात दाखल करता येते, आणि ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्याही भरता येते. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. वर्कशॉप 'पुढच्या सर्व्हिसला बघू' म्हणत राहते आणि ही मुदत त्यातच निघून जाते. गाडी नफ्याच्या व्यवसायासाठी वापरली जात असेल तर ग्राहक या व्याख्येबाबत हरकत येते. मात्र स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवणाऱ्याला कायद्याने वगळलेले नाही.

अशी प्रकरणे हरतात ती बहुधा पुराव्यावर. 'गाडीत उत्पादन दोष आहे' हे आयोग केवळ तक्रारदाराच्या शब्दावर मानत नाही. तज्ज्ञाचा अहवाल लागतो. एखाद्या तंत्रनिकेतनातील किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील वाहन अभियंता, अथवा परवानाधारक सर्वेक्षक यांच्याकडून तो घ्यावा, किंवा आयोगाकडेच तपासणीचा अर्ज करावा. तोपर्यंत दुसऱ्या गॅरेजकडून इंजिन उघडून घेऊ नये, कारण उघडलेल्या इंजिनातील दोष कोणी निर्माण केला, हे नंतर सिद्ध होत नाही. प्रत्येक भेटीचे जॉब कार्ड तारखेनुसार लावावे आणि प्रत्येकावर तीच तक्रार त्याच शब्दांत असेल असे पाहावे. पहिल्या कार्डावर 'पिकअप कमी', दुसऱ्यावर 'आवाज' आणि तिसऱ्यावर 'जनरल चेकअप' असे असेल, तर तोच बिघाड तीनदा आला हे कागदावरून दिसत नाही.

मागणी करतानाही प्रमाण राखावे. दुरुस्तीने जाणाऱ्या दोषासाठी नव्या गाडीची मागणी सहसा मान्य होत नाही. मोफत दुरुस्ती, सुट्या भागाचा बदल, वाढीव वॉरंटी, बिलाचा परतावा आणि गाडी बंद असलेल्या काळातील प्रवासखर्च यांची मागणी पावत्यांसह करावी. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. आदेश मान्य नसल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, मात्र रक्कम देण्याचा आदेश ज्याच्याविरुद्ध झाला आहे, त्याला तिच्यापैकी निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते.